जोह्याची रेष आणि रोह्याचं कार्ड

सोमवार : जोहे

बार्शीतल्या एका शाळेत मी चित्रकला शिकवते. मुलांना रेष शिकवताना माझी कायम एकच पंचाईत होते. काढून झालेली रेष फळ्यावर दाखवता येते, पण ती निघत असताना हात नेमकं काय करतो, ते दाखवता येत नाही. गेल्या वर्षी घरी बसवलेल्या गणपतीच्या डोळ्यांपाशी मी अशीच अडकले. वरच्या पापणीची काळी रेष नाकाजवळ केसाएवढी बारीक सुरू होत होती, मध्यावर भरत होती, बाहेरच्या कोपऱ्यात वळून संपत होती, आणि ब्रश कुठे थांबल्याची खूणच नव्हती. ज्याच्याकडून मूर्ती घेतली त्याला विचारलं, तर म्हणाला, "पेणकडचा माल आहे बाई. जोह्याचा." आणि त्यानं तिथल्या कारखान्याचा नंबर दिला.

फोन प्रणाली नावाच्या मुलीनं उचलला. ती कारखान्याच्या मालकांची सून. डोळे तिच्या सासूबाई करतात, विमलकाकू. मे महिन्याची सुट्टी सुरू होती, मी येऊ का विचारलं.

"या की. पण बुधवारच्या आत या. गुरुवारी आईंना मुंबईला ॲडमिट करायचंय, मनगटाचं ऑपरेशन हाय." मग थोडं थांबून तिनं विचारलं, "तुमच्याकडे चांगला कॅमेरा हाय का हो, ताई? सहा वर्षं बघतेय मी, आईंचा हात कसा फिरतो ते अजून कळलं नाय. मोबाइलवर घेतला व्हिडिओ, तर ब्रशच्या जागी नुसता फरांटा दिसतो."

कॅमेरा होता. दोन वर्षं पैसे बाजूला टाकून मी तो जुना, वापरलेला घेतला होता, सेकंदाला वीस फोटो काढणारा. चिमणी उडतानाचा पंखन् पंख त्यात सुटा दिसतो. त्याच्या जोरावर मी निघाले.

पेणहून जोह्याची एस.टी. हमरापूरवरून जाते. दोन्ही बाजूंना भाताची रिकामी खाचरं, भेगाळलेली, आणि मध्येमध्ये काळे चौकोन. शेजारच्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "राब भाजलाय." पालापाचोळा पसरून रोपाची जमीन भाजायची, मग तिथं भात पेरायचं. आमच्याकडे ज्वारीच्या रानाला असं कुणी भाजत नाही, त्यामुळे मी मान वळवून वळवून बघत राहिले आणि त्यांना हसू आलं.

गावात शिरल्यावर मात्र बघायचं कुठे ते कळेना. प्रत्येक ओटीवर, पडवीत, पत्र्याच्या शेडमध्ये गणपती. पांढरे, मग गुलाबी, मग पितांबर रंगवलेले. सगळ्यांचे डोळे कोरे. एवढ्या चेहऱ्यांमधून चालत जाताना एकही आपल्याकडे बघत नाही, हे फार विचित्र वाटतं.

विमलकाकू शेडच्या दारात बुटक्या स्टुलावर बसल्या होत्या. वय साठीच्या पुढे, बारीक अंगलट, उजव्या मनगटाला पट्टा. समोर फिरत्या पाटावर मूर्ती. मला बघून म्हणाल्या, "बसा बाई. हात बघायला आलात ना? हात आता कामातनं गेलाय. आठ-दहा डोळे झाले की बोटं मुंग्या येऊन मरतात. मग ब्रश कुठं हाय तेच कळत नाय."

"ऑपरेशननंतर बरा होईल ना?"

"डॉक्टर म्हणतो होईल. पण होता तसाच होईल असं तो बोलत नाय."

डोळे रंगवण्याच्या कामाला इथे आखणी म्हणतात. शेजारच्या पाटावर प्रणाली आखणी करत होती. तिची रेष स्वच्छ होती, पण डोळा दचकल्यासारखा दिसायचा. गिऱ्हाइकं नेमकं तेच बोलतात, असं तिनंच मला सांगितलं. काकूंनी तिकडे बघितलं आणि त्या म्हणाल्या, "हात टेकू नको गो! अंगाला हात लागला की रंग उठतो. कितीदा सांगायचं?" प्रणालीनं हात उचलला. रेष थरथरली.

काकूंनी ब्रश घेतला. मी कॅमेरा डोळ्याला लावला. त्यांचा हात मूर्तीच्या चेहऱ्यासमोर हवेत थांबला. मी बटण दाबलं, कॅमेरा कडकडत सुटला. हात अजून हवेतच. दोन सेकंद, तीन सेकंद. आणि माझा कॅमेरा अडखळला, एकेक फोटो काढायला लागला, मग पार गप्प झाला. मागे लाल दिवा लुकलुकत राहिला. त्याच वेळी काकूंचा हात खाली आला, सर्रकन फिरला आणि वर गेला. डोळा झाला होता.

दिवा विझायला अर्ध्या मिनिटाहून जास्त लागलं. तोवर दुसराही डोळा होऊन गेला.

"काकू, एक-दोन-तीन म्हणून कराल का? तिनाला मी बटण दाबते."

त्यांनी केलं. तिनाला हात आला, पण रेष कोपऱ्यात फाटली. काकूंनी ओल्या फडक्यानं ती टिपून घेतली. "मोजून रेघ येत नाय, बाई. यायची तेव्हा ती येते."

म्हणजे हात कधी उतरेल ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. कधी तीन सेकंद, कधी दहा. कॅमेऱ्यानं दहा सेकंद न थांबता चालायला हवं होतं आणि माझा तिनातच दमत होता. आणखी चारदा प्रयत्न केला. चारही वेळा माझ्याकडे हवेतल्या हाताचे ढीगभर फोटो आणि झालेल्या डोळ्याचा एक. मग काकूंनी ब्रश खाली ठेवला आणि बोटं चोळायला लागल्या.

मला लाज वाटली. त्यांच्या हातात मोजक्याच रेषा उरल्या होत्या आणि त्यातल्या सात मी वाया घालवल्या होत्या.

प्रणालीनं कॅमेरा हातात घेऊन विचारलं, "बिघडलाय का?"

"कॅमेरा नाही, बहुतेक कार्ड. फोटो काढतो पटापट, पण ते लिहून घेणारं कार्ड हळू आहे. आतली जागा तुंबते, मग तो थांबतो."

एवढं मला ऐकून माहीत होतं. त्यापुढचं माहीत नव्हतं, ते लगेच सिद्ध झालं. संध्याकाळी मी पेणच्या बाजारात जाऊन एका मोबाइलच्या दुकानातून नवीन कार्ड आणलं. त्यावर ठळक अक्षरांत १७० लिहिलं होतं. माझ्या जुन्यावर ९५ होतं. जवळजवळ दुप्पट वेग, म्हणून मी खुशीत परतले. मुक्काम प्रणालीच्याच घरी होता. तिथे आल्यावर पंख्यावर कॅमेरा रोखून बघितलं. तीन सेकंदांत गप्प, अगदी पहिल्यासारखाच.

जेवायला तांदळाची भाकरी, कडव्या वालांचं बिरडं आणि सुकट. आम्ही ज्वारीचं पीठ गरम पाण्यात मळून परातीत थापतो. इथे प्रणालीनं आधी पिठाची उकड काढली, मग पाण्याचा हात लावत भाकरी अशी फिरवली की मला तिथेही कॅमेरा लावावासा वाटला. पण लावणार कोणत्या तोंडानं?

"माझ्या लग्नाचे फोटो रोह्याच्या नितीनदादानं काढलेले," प्रणाली भाकरी टाकता टाकता म्हणाली. "वरशाला राहतो. कंपनीत कामाला हाय, पण फोटोतला पक्का माणूस. त्याला विचारू?"

मंगळवार : रोहा, वरसे

पेणहून रोह्याची सकाळची गाडी नागोठण्यावरून गेली. उतरले तेव्हा घामानं पाठ ओली होती. कुंडलिकेला या दिवसांतही पाणी होतं. वर वीजघरातून पाणी सोडतात म्हणून नदी उन्हाळ्यात आटत नाही, असं एकानं सांगितलं. मे महिन्यात वाहती नदी बघणं हे आमच्याकडच्या माणसाला चैनीचं वाटतं. मी पुलाच्या कठड्याशी पाच मिनिटं उभी राहिले. एक खंड्या तारेवरून पाण्यात पडला, मीही कॅमेरा उचलून दाबला. नंतर बघितलं तर पाण्याच्या वर्तुळाचे चाळीस फोटो होते, पक्षी एकातही नव्हता.

वरसे रोह्याला लागूनच. नवीन इमारती, मध्ये उरलेली शेतं. नितीन पस्तिशीचा, शांत माणूस. पहिल्या मजल्यावरच्या त्याच्या खोलीत लग्नाचे अल्बम, छत्र्या, दिवे. "दुपारची शिफ्ट हाय, मॅडम. दोनपर्यंत मी तुमचाच," तो म्हणाला आणि त्यानं हात पुढे केला. मी पेणमध्ये घेतलेलं कार्ड दिलं.

ते बघून तो हसला नाही, हे मला बरं वाटलं.

"हा एकशेसत्तर दिसतोय ना, हा वाचायचा वेग. म्हणजे कार्डातनं फोटो कॉम्प्युटरवर काढताना. तुम्हाला पाहिजे लिहायचा. तो मोठ्या अक्षरात कुणी छापत नाय." त्यानं नखानं कोपऱ्यातली एक बारीक खूण दाखवली, इंग्रजी व्ही आणि पुढे ३०. "हा खरा आकडा. काय वाट्टेल ते झालं तरी सेकंदाला एवढं लिहीनच, असा कार्डाचा शब्द. तीसचा शब्द दिलेलं कार्ड साखरपुड्याला चालतं. तुमच्या कामाला साठ, नाय तर नव्वद."

मग त्यानं कार्ड उलटं केलं. मागे सोनेरी पट्ट्यांची एक ओळ होती. आपल्या बॅगेतून त्यानं दुसरं कार्ड काढून शेजारी ठेवलं. त्याच्यामागे दोन ओळी होत्या. इतकी वर्षं कार्डं वापरून मी कधी ती उलटी करून बघितली नव्हती.

"दोन ओळींचं घ्यायचं. एका ओळीतनं जेवढं जातं, त्याला मर्यादा हाय."

त्याच्याकडे सीलबंद दोन होती, स्वतःसाठी मागवलेली. एकाची जागा चौपट, वेगाचा शब्द साठचा. दुसरं लहान, पण नव्वदचं. किंमत जवळपास सारखीच. माझा हात मोठ्याकडे गेला. आपली सवयच तशी, त्याच पैशात जास्त मिळत असेल तर ते घ्यावं.

"तुम्हाला काय काढायचंय ते सांगा आधी," नितीन म्हणाला.

मी काकूंचा हात सांगितला, हवेतला थांबा सांगितला, गुरुवार सांगितला. त्यानं मोठं कार्ड बाजूला सरकवलं. मग म्हणाला, "म्हणजे दहा सेकंदांचं काम. मोठं कार्ड भरायला तुम्हाला दिवसभर बसायला लागेल, आणि तो दिवसच तुमच्याकडे नाय. लहान घ्या. पण आधी मी लावून बघतो, मग सील फोडू." आणि त्यानं बॅगेतलं आपलं वापरातलं नव्वदचं कार्ड माझ्या कॅमेऱ्यात घातलं.

तपासायची त्याची रीत मला फार आवडली. त्यानं मोबाइलवर शतांश सेकंद दाखवणारं घड्याळ सुरू केलं आणि कॅमेरा त्याच्यावर रोखून बटण दाबून धरलं. मग फोटो एकेक करून बघायचे. प्रत्येकात वेळ छापलेली, म्हणजे कॅमेरा कुठे अडखळला ते लपत नाही.

पहिल्या खेपेला तो तीन सेकंदांनी अडखळला. मग कॅमेराच मंद होता तर!

नितीननं कपाळाला आठ्या घातल्या. कॅमेऱ्याच्या कडेचं झाकण उघडून आत बघितलं. कार्डासाठी दोन खाचा होत्या, एकीखाली एक. मी कायम खालचीच वापरायची, कारण ज्यानं मला कॅमेरा विकला त्यानं कार्ड खालीच ठेवलं होतं. नितीननं मोबाइलवर त्या मॉडेलचं माहितीपत्रक शोधलं, दोघांनी मिळून वाचलं. जलद कार्डासाठी वरची खाच. खालची जुन्या पद्धतीची.

"बघा. गाडी नवीन घेतली आणि बैलगाडीच्या रस्त्यावर घातली," तो म्हणाला.

वरच्या खाचेत अडखळायला सहा सेकंद लागले. आम्ही दोघं लहान मुलांसारखे खूश झालो. पण दहा हवे होते. तेव्हा त्यानं फोटोचा प्रकार बदलायला सांगितलं. मी प्रत्येक फोटो कच्च्या, भल्यामोठ्या स्वरूपात घेत होते, नंतर रंग सुधारता यावेत म्हणून.

"तुम्हाला रंग बघायचेत का हात बघायचाय?"

"हात."

"मग साधा जेपेग. ओझं कमी, तर धावेल जास्त."

बारा सेकंद झाले, तेरा झाले, कॅमेरा धावतच होता. नितीननंच बटण सोडलं. नवीन कार्डाचं सील फोडून त्यावरही तेच करून बघितलं, कारण नकली कार्डांवरही नव्वद छापलेलं असतं म्हणे. मग ते कॅमेऱ्यातच कोरं करून माझ्या हातात दिलं. जाताना म्हणाला, "प्रणालीला सांगा, मला पण एक फोटो पाठव. एवढ्या लग्नात मी हातावरची मेंदी काढली. हात काय करतो ते कधी बघितलं नाय."

बुधवार : जोहे

काकूंनी पहाटेच उठून मनगट गरम पाण्यानं शेकलं होतं. आम्ही पाट दारापर्यंत सरकवला, म्हणजे उजेड भरपूर मिळेल. प्रणाली माझ्यामागे उभी राहिली. मी गुडघ्यावर बसून कॅमेरा मूर्तीच्या गालाच्या रेषेत धरला.

"सांगायचं काय नाय ना आज?" काकूंनी विचारलं.

"काही नाही. तुमच्या मनाला येईल तेव्हा."

हात हवेत थांबला. मी दाबलं. तीन, चार, पाच. सहा. सात. बाहेर कुणाची तरी मोटारसायकल गेली, हात तसाच. नऊ सेकंदांच्या आसपास तो उतरला, फिरला, उठला. कॅमेरा तेव्हाही धावत होता. मी बोट उचललं तेव्हा ते दुखत होतं.

पाच डोळे तसे घेतले. सहाव्याला काकूंनी मान हलवली, "बोटं गेली." आणि पट्टा पुन्हा बांधला.

मग आम्ही तिघी ओटीवर बसलो. कॅमेऱ्याचा पडदा तळहाताएवढाच, त्यामुळे डोकी एकमेकींना लागत होती. मी एकेक फोटो पुढे सरकवत होते. हात हवेत. हात हवेत. मग हात खाली यायला लागला. प्रणालीनं माझं मनगट धरलं.

"थांबा ताई. मागे घ्या."

मी मागे घेतलं. ब्रशचं टोक अजून मूर्तीपासून बोटभर लांब होतं, पण करंगळी आधीच पोचली होती. गणपतीच्या गालावर, अगदी हलकेच, टेकलेली. पुढच्या फोटोत ती तिथेच, ब्रश जवळ. त्याच्या पुढच्यात ब्रश टेकलेला आणि सगळा हात करंगळीवर झुललेला. कोपऱ्याशी येताना ब्रश दोन बोटांमध्ये किंचित वळत होता. करंगळी शेवटी उठत होती, ब्रशच्याही नंतर.

"ही करंगळी कुणाची?" काकूंनी विचारलं.

"तुमचीच, आई."

"मी टेकत नाय."

मी दुसऱ्या डोळ्याचे फोटो दाखवले. मग तिसऱ्याचे. प्रत्येक वेळी करंगळी पहिली. काकूंनी आपला उजवा हात उलटा करून डोळ्यांजवळ नेला. करंगळीच्या टोकाला गुलाबी रंगाचा पुसट डाग होता. रोज संध्याकाळी त्या तो साबणानं काढत असणार, आणि कुठून येतो हे कधी मनातही आलं नसणार. कारखान्यात रंग सगळीकडेच असतो.

मला वाटलं, या मुलीला आता राग येईल. यायला हवाही होता.

"सहा वर्षं गो," काकू म्हणाल्या. "सहा वर्षं तुला हात टेकू नको म्हणून ओरडले मी."

"असू दे आई."

"माझ्या सासूनं मला हेच सांगितलेलं. टेकू नको म्हणून. मार पण खाल्लाय मी त्यासाठी." त्या थांबल्या. मग एकदम त्यांना हसू फुटलं, अगदी खांदे हलेपर्यंत. "ती म्हातारी पण टेकत असणार बघ! तिला तरी कुणी दाखवलं?"

मग प्रणालीही हसली आणि हसताहसता पदरानं डोळे पुसायला लागली. मी कॅमेऱ्याशी उगीच काहीतरी करत बसले.

दुपारी प्रणाली पाटावर बसली. काकू तिच्या शेजारी, डावा हात उजव्या मनगटावर. मूर्ती तीच, सकाळी काकूंनी एक डोळा करून सोडलेली. प्रणालीनं ब्रश घेतला आणि करंगळी गालाकडे नेली. इतक्या दिवसांची सवय, ती मध्येच मागे घेतली.

"टेक गो," काकू म्हणाल्या.

तिनं टेकली. मी कॅमेरा उचलला नाही. मला ते नुसतं बघायचं होतं. रेष निघाली, मध्यावर भरली, कोपऱ्यात वळली. काकूंच्या रेषेपेक्षा ती जरा वर गेली होती. प्रणालीच्या ते लगेच लक्षात आलं आणि तिनं फडक्याकडे हात नेला.

काकूंनी तो हात धरला. पाट फिरवून त्यांनी मूर्ती उजेडात घेतली, एकदा लांबून बघितली, एकदा जवळून.

"माझ्यासारखा नाय आला," त्या म्हणाल्या. "पण हा बघतोय."

परत आल्यावर

ऑपरेशन नीट पार पडलं. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा मी ते फोटो मुलांना ओळीनं लावून दाखवले. मुलांनी वर्गातल्या वर्गात करंगळ्या टेकून रेषा काढायला सुरुवात केली आणि निम्म्यांनी एकमेकांच्या वह्या काळ्या केल्या. नितीनला एक फोटो पाठवला होता. त्याचं उत्तर आलं, "कार्ड ठीक चाललं ना?" बाकी एक शब्द नाही, पण तो फोटो त्यानं मोबाइलच्या पडद्यावर लावलाय, असं प्रणालीकडून कळलं.

गेल्या आठवड्यात काकूंना फोन केला. मुंग्या गेल्या आहेत, बोटं वळतात. मी विचारलं, मग आखणी सुरू केली का?

"करते दिवसाला दोन-चार. बाकी प्रणालीच करते," त्या म्हणाल्या. "मी तिच्या बाजूला बसते, बाई. सांगत मात्र काय नाय. नुसती बघते."